ताईची गोळी

सुरुवात शर्टापासून झाली. चष्मेवाला मागच्या खोलीत काचेची कड घासत बसला होता. तो टेबलावर वाकला की शर्टाचं कापड डाव्या छातीला लागायचं आणि दुखायचं. आधी त्यानं खिशातलं पेन काढून ठेवलं. मग आत बनियन घातला. दुसऱ्या दिवशी बनियन बदलला. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार लावून बोटानं चाचपून पाहिलं, तर स्तनाग्राच्या मागे वाटाण्याएवढं काहीतरी होतं. दाबलं की डोळ्यांत पाणी यावं असं.

बावन्न वर्षांचा माणूस. सत्तावीस वर्षं याच दुकानात काचा घासत आणि फ्रेममध्ये बसवत आलेला. दुकान मालकाचं होतं, पण चष्मा नाकावर टेकवून "आता कसं वाटतंय?" विचारायला यालाच बाहेर बोलावत, म्हणून चष्मेवाला हे नाव मालकाऐवजी याला चिकटलं होतं.

चार महिन्यांपूर्वी त्याला इंजेक्शनं सुरू झाली होती. त्याआधीची दोन वर्षं त्याचा नुसता पाचोळा झाला होता. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा, दाढी आठवड्यातून दोनदा केली तरी भागायचं, आणि नवराबायकोत जे काही होतं ते आपोआप बंद पडलं होतं. दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासलं तेव्हा कळलं की टेस्टोस्टेरॉन पार तळाला गेलंय. मेंदूखालची ग्रंथी ते बनवायचा हुकूमच देत नव्हती. मेंदूचा फोटो साफ आला. मग हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन सांगितलं, आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर तो माणसात आला. तीन जिने एका दमात चढू लागला. एका सकाळी बायको भांडी विसळताना गुणगुणली. का, ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही काही बोलले नाहीत.

आणि आता हे. पुरुषपण परत आणायला घेतलेल्या औषधानं छाती बायकी होऊ लागली, हे सांगायचं कुणाला? डॉक्टरीणबाईंची पुढची तारीख सात आठवडे लांब होती. त्यानं दवाखान्यात फोन लावला.

"काय त्रास होतोय?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

मालक दोन हातांवर बसला होता.

"त्रास नाही. माझी तारीख तीच आहे ना, एवढंच विचारायचं होतं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात पैलवान आला. पैलवान कधी कुस्ती खेळला नव्हता. त्याची व्यायामशाळा होती आणि दंड शर्टाच्या बाहीत मावत नसत, एवढंच. घामानं चष्मा घसरतो म्हणून तो महिन्यातून एकदा दांड्या आवळून घ्यायला येई. तो काय काय टोचून घेतो हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. चष्मेवाल्यानं त्याला मागच्या खोलीत घेतलं, स्क्रू पिळता पिळता इंजेक्शनांचं सांगितलं आणि मान न उचलता छातीकडे बोट केलं.

"हात्तिच्या," पैलवान म्हणाला. "इस्ट्रोजेन. बायकांचं हॉर्मोन. आपण सुई घेतो ना, त्यातलं थोडं शरीर परस्पर त्याच्यात बदलून टाकतं. पोटाच्या चरबीत कारखानाच असतो त्याचा. स्वतःचं पोट बघ."

"मग आता?"

"मग ठेचायचं त्याला. एक गोळी येते. बारीक, पांढरी. इस्ट्रोजेन जितकं कमी तितका पुरुष पक्का, हे लक्षात ठेव."

त्यानं गोळीचं नाव सांगितलं. चष्मेवाला ते काचेच्या पाकिटावर लिहून घेत होता आणि अर्ध्यातच त्याचा हात थांबला. हे नाव त्यानं वाचलं होतं. रोज सकाळी वाचत होता.

त्याच्याच इमारतीत तळमजल्यावर त्याची थोरली बहीण एकटी राहत असे. वय चौसष्ट. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिनं तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली होती, आणि शहरातले बाराशे नंबर तिला तोंडपाठ होते अशी तिची ख्याती होती. चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला, आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर ती एक बारीक पांढरी गोळी घेत होती. कॅन्सर परत येऊ नये म्हणून तिच्या शरीरातलं इस्ट्रोजेन बंद पाडणारी गोळी. दुकानात जायच्या आधी चष्मेवाला तिच्याकडे एक कप चहा पिऊन जाई. गोळ्यांची पट्टी त्याच टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकून उभी असायची.

आधी तो सरळ मार्गानं गेला. दोन रस्ते सोडून एका औषधाच्या दुकानात, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"चिठ्ठी?" औषधवाल्यानं विचारलं.

"घरी राहिली."

"मग घेऊन या. ही कॅन्सरची गोळी आहे, खोकल्याची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहा गाळायला ओट्याकडे वळली, तेव्हा त्यानं पट्टीतून एक गोळी काढली. चांदीचा कागद फाटल्याचा आवाज त्याला एवढा मोठा वाटला की तो खोकला. एकच, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्या पट्टीतून त्यानं पाच घेतल्या.

आणि गुण आला. दोनेक आठवड्यांत शर्ट लागायचा थांबला, वाटाणा मऊ झाला. पण त्याला स्वस्थता मिळाली नाही. उलट त्याच सुमारास अंगात कसलीशी चुळबुळ सुरू झाली. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कशासाठी उठलो ते कळत नसे. झोप तुटक झाली. सकाळी बोटं आखडलेली असत. बायकोनं "भाजी संपलीय" म्हटलं तरी त्याला राग येई, आणि रागानंतर रडू. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपू लागला. बायकोचं गुणगुणणं थांबलं.

यावर त्यानं जे अनुमान काढलं ते पैलवानाच्या शिकवणीला धरूनच होतं. चिडचिड, रडू, ही तर बायकांची लक्षणं. म्हणजे इस्ट्रोजेन अजून आतच आहे. त्यानं नवी पट्टी लागल्यावर रोज एक गोळी काढायला सुरुवात केली.

मग हात गेले. चष्म्याचा स्क्रू तिळाएवढा असतो. सत्तावीस वर्षांत तो त्याच्या बोटांतून कधी पडला नव्हता. आता दिवसातून चार वेळा पडे, आणि तो शोधायला जमिनीवर बसलं की गुडघे कडकड वाजत. अंगठ्याच्या मुळाशी ठणका बसला. एक दिवस एका बस ड्रायव्हरच्या चष्म्यात त्यानं डावी काच उजवीकडे बसवली. ड्रायव्हर तासाभरानं परत आला आणि म्हणाला, "मला रस्ता तिरका दिसतोय. गाडी घेऊन निघालो असतो तर?"

मालक त्याच्यावर कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. "घरी काही आहे का?" एवढंच त्यानं विचारलं.

"काही नाही," चष्मेवाला म्हणाला आणि काच परत फिरवून बसवू लागला. त्या एका चष्म्याला अर्धा तास लागला.

त्यानंतरच्या गुरुवारी तो चहाला गेला तर ताई टेबलाशी कागद पेन्सिल घेऊन बसली होती. चहा ठेवलेलाच नव्हता. समोर रिकामी पट्टी.

"छोट्या," ती म्हणाली. हे नाव आता फक्त तिच्या तोंडी उरलं होतं. "ही पट्टी अठ्ठावीस गोळ्यांची. मी ती चौदा दिवसांपूर्वी फोडली, मागे तारीख लिहिलीय बघ. चौदा दिवसांत अठ्ठावीस. म्हणजे काय?"

त्यानं पट्टी उलटून मागची तारीख पाहिली. "काय?"

"म्हणजे मी रोज दोनदा घेतेय. एकदा घेते, विसरते, परत घेते. मागच्या पट्टीलाही पाच कमी भरल्या होत्या. मी म्हटलं मोजायला चुकले असेन. पण मी मोजायला चुकते का? मी?"

"होतं असं कधी कधी, ताई."

"कधी कधी नाही. रोज. चौदा दिवस रोज, आणि मला एकदाही आठवत नाही." ती पेन्सिलीनं कागदावर टोचत होती. कागदावर आकड्यांच्या रांगा होत्या. "हे जुने नंबर लिहून बघतेय. आगीचा बंब, गिरणी, दोन्ही इस्पितळं, वकिलांची अख्खी गल्ली. येतायत अजून. म्हणजे जुनं शाबूत आहे आणि नवं गळतंय. आपल्या आईचं असंच सुरू झालं होतं, आठवतं?"

त्याला आठवत होतं. शेवटच्या दोन वर्षांत आई त्याला 'पोस्टमन' म्हणायची.

तोंड उघडायची ती वेळ होती. शब्द जिभेवर आलेही. पण ताईनं बोटं पुढं करून मूठ वळवून दाखवली. अर्धीच वळली. "आणि ही बघ बोटं. चार वर्षं झाली, रोज सकाळी कोमट पाण्यात बुडवते तेव्हा कुठं कप धरता येतो. या गोळीचंच आहे ते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, शरीरातलं इस्ट्रोजेन संपलं की सांध्यांचं तेल संपतं. दुप्पट गोळ्या घेतल्या तर बोटं दुप्पट आखडायला हवीत की नाही? तर तसंही नाही. काही समजत नाही बघ मला."

चष्मेवाल्यानं आपले हात टेबलाखाली घेतले. टेबलाखाली त्यानं मूठ वळवून पाहिली. ती अर्धीच वळली.

त्या दिवसापासून त्यानं गोळी घेतली नाही, पण बोललाही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. बायकोनं जिन्यात नुसतं "ताई काय म्हणाल्या?" विचारलं तरी तो दचके. तो दुकानातून मधेच उठून चालायला लागे, कोपऱ्यापर्यंत जाई, परत येई. तळमजल्यावर पांढऱ्या चिठ्ठ्या दिसू लागल्या होत्या. 'गॅस बंद केला.' 'गोळी घेतली, ७.१०.' 'दार लावलं.' सहाव्या दिवशी ताई घराची दुसरी किल्ली घेऊन वर आली आणि ती तिनं त्याच्या बायकोच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडे असू दे. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, पुढच्या बुधवारी. ते काय सांगतील ते सांगतील. पण मी दार लावून आत काही करून बसले तर तुला उघडता आलं पाहिजे."

बायकोनं तिला जवळ घेतलं. चष्मेवाला पायांत चपला सरकवून खाली उतरला आणि रस्त्यावर उभ्या उभ्याच दवाखान्यात फोन लावला. त्याच मुलीनं उचलला. "काय त्रास होतोय?"

"छाती दुखत होती. गाठ आहे. आणि मला न दिलेली गोळी मी घेतलीय. एकोणीस गोळ्या."

तिनं उद्याचीच वेळ दिली.

डॉक्टरीणबाईंनी आधी पडदा ओढून छाती नीट तपासली, मग रक्त पाठवलं. दोन दिवसांनी कागद समोर ठेवला.

"टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे. इस्ट्रोजेनला मात्र आकडाच नाही. इतकं कमी की यंत्राला मोजता आलं नाही. पाळी गेलेल्या बाईच्या अंगात याहून जास्त असतं."

"म्हणजे ते चांगलंच ना?"

"हात दाखवा." त्यांनी त्याचा अंगठा मुळाशी हलकेच दाबला आणि त्यानं श्वास ओढला. "याला चांगलं म्हणायचं का? पुरुषाला इस्ट्रोजेन लागतं हो. थोडं लागतं, पण लागतं. हाडांना, सांध्यांना, झोपेला, डोकं ठिकाणावर राहायला. आणि ज्यासाठी तुम्ही मुळात माझ्याकडे आलात, त्यालाही. ते बायकांचं आणि हे पुरुषांचं अशी वाटणी शरीर करत नाही."

"पण मग छाती?"

"ती चूक मोठ्या डोसाची. तीन आठवड्यांचं औषध एकदम टोचलं की पहिल्या काही दिवसांत पूर येतो, आणि जादा पाणी वाट फुटेल तिकडे जातं. शेवटच्या आठवड्यात कोरडं. आता तेच औषध थोडं थोडं दर आठवड्याला घेऊ. पोटाचा घेर उतरवा. बहुतेकांचं तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर पुढचं मी बघेन. तुम्ही बघायचं नाही." त्यांनी पेन उचललं. "गाठीची सोनोग्राफी करून घ्या, खात्रीसाठी. आणि गोळी कुठून मिळाली?"

त्यानं सांगितलं. ताईचं एक्सचेंज, चौदा दिवस, चिठ्ठ्या, किल्ली, सगळं. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग इथं काय करताय?"

तो तिथून थेट तळमजल्यावर गेला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. ताई खिडकीशी बसून बटण लावत होती. त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसला असता तर परत काहीतरी वेगळंच बोलला असता.

"ताई, तू विसरत नाहीस. तुझ्या गोळ्या मी घेत होतो."

तिनं सुई कापडात खोचली. "किती?"

"एकोणीस."

"आधी पाच, मग चौदा," ती म्हणाली, जणू हिशेब जुळला एवढंच महत्त्वाचं होतं. मग म्हणाली, "कशाला?"

त्यानं छातीचं सांगितलं. पैलवानाचं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत होता. त्याला वाटलं ती गोळ्यांवरून बोलेल. ती बोलली ते वेगळंच होतं.

"छाती दुखते म्हणून सांगायला लाजलास. कुणाला लाजलास? मला?" तिनं आपल्या सपाट डाव्या बाजूवर हात आपटला. "या घरात छातीच्या गाठीबद्दल बोलायची लाज? बाहेरचा कोण तो दांडगा, त्याला दाखवलीस. मला नाही?"

"चुकलं, ताई."

"ते चुकलं असेल. पण त्या गुरुवारी मी इथं बसून तुला सांगत होते, की माझं आईसारखं होतंय. तू समोर होतास. 'होतं असं कधी कधी.' हे बोललास तू. मी आठ दिवस गॅसच्या बटणाला हात लावून उभी राहतेय, आणि तू रोज येऊन माझा चहा पिऊन जातोयस."

ती उठली आणि भिंतीवरची 'दार लावलं' ही चिठ्ठी ओढून काढली. मग बाकीच्या. सगळ्या त्याच्या हातात कोंबल्या.

"जा आता. आणि उद्या चहाला येऊ नकोस."

वर जाऊन त्यानं बायकोलाही सांगितलं. ती ताईपेक्षा जास्त चिडली. "मला वाटलं, मीच आता आवडेनाशी झालेय," ती म्हणाली. "दीड महिना तेच वाटतंय मला. आणि तुम्ही काय, तर गोळ्या चोरताय." ती उठून किल्ली परत द्यायला खाली गेली आणि बराच वेळ खालीच बसली. परत आली तेव्हा दोघींमध्ये काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही.

नव्या पद्धतीची इंजेक्शनं सुरू झाली. दर शुक्रवारी, थोडीशी. बोटं लगेच सुटली नाहीत. कोमट पाण्यात हात बुडवून तो दुकानात जाई, आणि ही युक्ती कुणाकडून कळली ते आठवून त्याला पाणी पोळल्यासारखं होई. चुळबुळ आधी कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात दुपारभर एकही स्क्रू पडला नाही. छाती अधूनमधून दुखे, पण पूर्वीसारखी नाही. पैलवान आला तेव्हा चष्मेवाल्यानं त्याच्या दांड्या आवळून दिल्या आणि सांगितलं, "तुझी गोळी नको रे बाबा. तूही एकदा रक्त तपासून घे."

"माझं काय बिघडलंय?" पैलवान म्हणाला आणि आपलं कोपर चोळत निघून गेला.

सोनोग्राफीच्या दिवशी सकाळी तो जिना उतरत होता, तर ताई पर्स घेऊन दाराशी उभी. तीन आठवड्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही बोलली नाही, नुसती बरोबर निघाली. बायकोनंच कळवलं असणार, असं त्याला वाटलं.

स्तनांच्या तपासणीचा तो वेगळा विभाग होता. भिंतीकडेनं खुर्च्या, खुर्च्यांवर सगळ्या बायका. पुरुष होते ते बाहेर मोटारीत किंवा जिन्यात. चष्मेवाला कडेच्या खुर्चीत अंग चोरून बसला. नर्स यादी घेऊन बाहेर आली, आडनाव वाचलं आणि ताईकडे बघून म्हणाली, "चला बाई, झगा घालायचाय."

"मी नाही," ताई खणखणीत आवाजात म्हणाली. एक्सचेंजमध्ये नंबर जोडून देतानाचा तिचा आवाज असायचा, तो. "माझं झालंय चार वर्षांपूर्वी. हा माझा भाऊ. याची तपासायचीय."

सगळ्या बायकांनी वर पाहिलं. एक म्हातारी सरकून म्हणाली, "मग बसून काय राहिलास? जा की. थंडगार जेल लावतात, एवढंच."

गाठ साधी निघाली. ग्रंथीचा भाग सुजलेला, बाकी काही नाही, हळूहळू बसेल. तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. बटणं लावायला त्याला वेळ लागत होता, आणि ताई ते बघत होती.

"साधीच आहे," तो म्हणाला.

"कळलं. दारातून ऐकलं मी."

दोघं बाहेर रस्त्यावर आले. ती त्याच्यापुढं दोन पावलं चालत होती. मग थांबली.

"मी मेंदूच्या डॉक्टरची वेळ रद्द केली होती, तू सांगितलंस त्याच दिवशी."

"हो."

"सोमवारी मी नळ उघडा ठेवून बाजारात गेले. आले तर स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी." ती समोरच्या रहदारीकडे बघत होती. "त्यात तुझा हात नव्हता ना?"

त्याला हो म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

"नाही, ताई."

"नसणारच." तिनं पर्सची चेन ओढून बंद केली, मग परत उघडून आत काहीतरी आहे की नाही ते पाहिलं. "विसरतात माणसं नळ. तुझी बायकोही विसरते. पण आता मला कळतच नाही, कुठलं साधं आणि कुठलं नाही ते. पूर्वी कळायचं."

"वेळ परत घेऊ या का?"

"घ्यावीच लागेल. तू येशील बरोबर."

तिनं ते विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यानं उत्तर दिलं नाही. दिवा बदलला आणि दोघं रस्ता ओलांडू लागले.